मी एकदाच दाबलं!

माझी ताई जपानमध्ये राहते. टोकियो शहराच्या पूर्वेला निशी-कासाई नावाची वस्ती आहे. तिथे भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. ऑगस्ट महिन्यात मी ताईकडे गेलो होतो. तेव्हा माझ्या भाचीला उन्हाळ्याची सुट्टी होती. ती जपानी शाळेत पाचवीत शिकते.

सुट्टी असली तरी तिथल्या मुलांना एक मोठे काम असते. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक विषय निवडायचा, त्यावर स्वतः प्रयोग करायचे आणि जे आढळले ते वहीत लिहून शाळेत न्यायचे. याला तिकडे ‘जियू केंक्यू’ म्हणतात. कोणी मुंग्यांचे वारूळ पाहतो, कोणी रोज ढगांची चित्रे काढतो. माझ्या भाचीने निवडले होते रेल्वेचे फाटक!

“फाटकात काय पाहायचं?” मी विचारले.

“मामा, तू अजून फूमिकिरी पाहिलंच नाहीस!” ती म्हणाली आणि मला ओढतच घेऊन गेली.

त्यांच्या वस्तीजवळून जाणारी रेल्वे उंच पुलावरून धावते. तिथे फाटक नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या गाडीने बरेच दूर गेलो. एका अरुंद रस्त्यावर रूळ आडवे गेले होते. दोन्ही बाजूंना खांब होते आणि खांबांवर तांबडे दिवे. एकाएकी ‘कान् कान् कान् कान्’ अशी घंटा वाजू लागली. दिवे उघडझाप करू लागले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दांडे हळूहळू खाली आले. सायकलवाले, शाळकरी मुले, पिशव्या घेतलेल्या आजीबाई, सगळे मुकाट उभे राहिले. गाडी धडधडत निघून गेली. दांडे वर गेले. फाटकवाला कुठेच दिसला नाही.

“आणि ते बघ,” भाची म्हणाली.

खांबावर एक पेटी होती आणि पेटीत एक मोठे तांबडे बटण होते. एखादी मोटार रुळांवर अडकली, कोणी म्हातारे माणूस पडले, तर जवळ असेल त्याने ते बटण दाबायचे. बटण दाबताच गाडीच्या चालकाला धोक्याचा इशारा मिळतो आणि तो गाडी थांबवतो. खेळ म्हणून मात्र त्याला हात लावायचा नसतो.

“मी असंच फाटक बनवणार आहे,” भाची म्हणाली, “तांबड्या बटणासकट.”

दुसऱ्या दिवशी आम्ही अकिहाबाराला गेलो. टोकियोच्या या भागात विजेचे सुटे भाग विकणारी लहान लहान दुकाने आहेत. एकेक दुकान आपल्याकडच्या पानाच्या टपरीएवढे! डब्यांतून बटणे, दिवे, मोटरी, तारा भरून ठेवलेल्या. आम्ही एक लहानशी मोटर घेतली, दोन बटणे घेतली आणि काडेपेटीएवढी एक हिरवी पाटी घेतली. त्या पाटीवर एक काळी चिप बसवलेली होती. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

ही चिप म्हणजे एक अगदी लहान संगणकच. तिला पुष्कळ पाय असतात. काही पायांवरून ती बाहेर काय चालले आहे ते पाहते. बटण दाबलेले आहे की नाही, हे तिला अशाच एका पायावरून कळते. दुसऱ्या पायांवरून ती हुकूम सोडते. दिवा लाव, दिवा विझव, मोटर फिरव. केव्हा काय करायचे हे आपण तिला आधी लिहून द्यायचे. त्या लेखनाला आज्ञावली म्हणतात. जपानमध्ये २०२० सालापासून प्राथमिक शाळेतच मुलांना आज्ञावली तयार करायला शिकवतात. त्यामुळे भाचीला त्याचे नवल नव्हते. नवल मलाच होते.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली. मोटर थेट चिपच्या पायाला जोडायची नाही. मोटरला जितकी वीज लागते तितकी त्या नाजूक पायाला झेपत नाही. मुकादम नुसते सांगतो, पोते हमाल उचलतो. तसा चिप आणि मोटर यांच्यामध्ये एक ‘हमाल’ लागतो. मोटर चालवण्यासाठी वेगळी चिप मिळते, ती आम्ही मध्ये जोडली. हीच चिप मोटरला सुलटी किंवा उलटी फिरवते.

पुठ्ठ्याचे फाटक तयार झाले. दांड्यावर भाचीने काळे-पिवळे पट्टे रंगवले. आज्ञावली सोपी होती. हिरवे बटण दाबले की फाटक खाली, पुन्हा दाबले की वर.

तिने बटण दाबले. फाटक खाली यायला लागले आणि लगेच वर गेले.

तिने पुन्हा दाबले. या वेळी फाटक नीट खाली आले. तिसऱ्या वेळी मोटर नुसती थरथरली आणि गप्प बसली.

“तू दोनदा दाबतेस,” मी म्हणालो.

“नाही मामा! मी एकदाच दाबलं!” ती रडकुंडीला आली.

मला वाटले, तार सैल असेल. मी सगळ्या तारा काढून पुन्हा जोडल्या. त्यात अर्धा तास गेला. फाटकाचे वागणे काही सुधारले नाही. मग भाचीनेच युक्ती काढली. तिने मोटर बाजूला ठेवली आणि चिपला नुसते मोजायला सांगितले. बटण किती वेळा दाबले गेले तो आकडा पाटीवरच्या दिव्यांवर दिसणार होता. तिने मोठ्याने म्हणत बटण दाबले. एक, दोन, तीन... बरोबर दहा वेळा. आकडा आला तेवीस!

आता खोटे कोण बोलत होते? भाची, की चिप?

दोघीही खरे बोलत होत्या. ताईच्या स्वयंपाकघरातून मी स्टीलची एक वाटी आणली आणि फरशीवर वीतभर उंचीवरून सोडली. टण्! टण् टण् टणटणटण...

“वाटी किती वेळा पडली?” मी विचारले.

“एकदा,” भाची म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पण वाजली खूप वेळा.”

बटणाच्या आत असेच होते. तिथे धातूच्या दोन लहान पट्ट्या असतात. बटण दाबले की त्या एकमेकींना टेकतात आणि वीज वाहू लागते. पण धातू लवचीक असतो. पट्टी टेकते, उडते, पुन्हा टेकते, पुन्हा उडते आणि मग स्थिर होते. बटण सोडतानाही कधी कधी असेच होते. हा सारा नाच सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. असे चार-पाच भाग गेले की बहुधा तो संपतो. आपल्या बोटाला तो जाणवत नाही. डोळ्यांना दिसत नाही. चिप मात्र एका सेकंदात हजारो वेळा बटणाकडे पाहते. तिला प्रत्येक टेकणे वेगळे दिसते. म्हणून तिने तेवीस मोजले.

“मग तिला जरा दमानं घ्यायला सांगू या,” भाची म्हणाली.

तिने आज्ञावलीत भर घातली. बटण दाबलेले दिसले की लगेच विश्वास ठेवायचा नाही. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले वीस भाग जाऊ द्यायचे. मग पुन्हा पाहायचे. तेव्हाही बटण दाबलेलेच असेल, तर ते खरे. एवढ्या वेळात पट्ट्यांचा नाच संपलेला असतो. माणसाला मात्र तेवढा वेळ गेल्याचा पत्ताही लागत नाही.

दहा वेळा दाबले. आकडा दहा! भाचीने टाळी वाजवली. पण तिने अकराव्या वेळी बटण दाबले आणि आनंदात ते तसेच धरून ठेवले. आकडा भराभर वाढू लागला. अकरा, बारा, तेरा... चिप पुन्हा पुन्हा पाहत होती आणि प्रत्येक वेळी तिला बटण दाबलेलेच दिसत होते.

“बाई हजेरी घेतात तेव्हा तू किती वेळा ‘हजर’ म्हणतेस?” मी विचारले.

“एकदाच. मग दिवसभर मी वर्गात असतेच की.”

“मग चिपला तेच सांग.”

तिने थोडा विचार केला. मग चिपला मागचे लक्षात ठेवायला सांगितले. आधी बटण वर होते आणि आता खाली आहे, असा बदल झाला तरच मोजायचे. नुसते खाली असेल तर मोजायचे नाही. पुन्हा मोजण्याआधी ते एकदा वर आलेच पाहिजे. आता बटण कितीही वेळ धरून ठेवा, मोजणी एकच होत होती.

मोटर पुन्हा जोडली. फाटक शहाण्यासारखे खाली-वर होऊ लागले. संध्याकाळी ताईने गरम गरम बटाटेवडे केले. मला वाटले, संपले आमचे काम.

काम संपले नव्हते. तांबडे बटण राहिले होते.

भाचीने तिच्या धाकट्या भावाची खेळण्यातली मोटार आणून फाटकाच्या दांड्याखाली उभी केली. आत दोरा गुंडाळून केलेला एक बाहुलाही बसवला. “आता मोटार अडकली आहे,” ती म्हणाली. तिने हिरवे बटण दाबले. दांडा खाली येऊ लागला. तिने तांबडे बटण दाबले. दांडा थांबला नाही. तिने पुन्हा दाबले, जोराने दाबले, दाबून धरले. दांडा आपला खाली येतच राहिला. तो मोटारीच्या टपावर आपटला, मोटार कलंडली आणि बाहुला बाहेर पडला.

ती काही बोलली नाही. बाहुला उचलून तिने मांडीवर ठेवला.

मी आज्ञावली वाचली. तिथे लिहिले होते : मोटर खाली फिरव. तीन सेकंद थांब. मोटर बंद कर. मग तांबडे बटण पाहा. चूक त्या दुसऱ्या ओळीत होती. ‘थांब’ म्हटले की चिप खरोखरच थांबते. ती डोळे मिटून तीन सेकंद मोजत बसते. मोटर तर तिकडे फिरतच असते. त्या तीन सेकंदांत कोणी कितीही बटणे दाबली, हाका मारल्या, तरी तिला काही कळत नाही. नवी आज्ञावली लिहिणारे पुष्कळजण ही चूक करतात. खेळण्यात ती चालून जाते. पण खरे फाटक, खरी लिफ्ट, कापडाच्या गिरणीतला खरा माग अशा प्रकारे डोळे मिटून कसे चालेल?

“पण फाटक खाली यायला तीन सेकंद लागतातच ना? मग थांबायचं नाही तर काय करायचं?” भाचीने विचारले.

तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. मी भाचीला म्हणालो, “आईकडे पाच मिनिटं नुसती बघत बस.”

ताईने एका शेगडीवर दूध तापत ठेवले होते. दुसऱ्या शेगडीवर तवा होता. निशी-कासाईच्या भारतीय दुकानात ज्वारीचे पीठ मिळते. ती परातीत भाकरी थापत होती. थापता थापता तिने एकदा दुधाकडे पाहिले. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले. पुन्हा दुधाकडे पाहिले. दुसरा गोळा घेतला, दारावर घंटा वाजली तसे “बघ गं कोण आहे” म्हणाली, भाकरी उलटली, पुन्हा दुधाकडे पाहिले. दूध वर येताच तिने गॅस बारीक केला. भाकरी करपली नाही. दूध उतू गेले नाही.

भाची पळत आली. “मामा, आई कशाहीपाशी थांबतच नाही! सगळीकडे नुसती एकेकदा बघते.”

“आणि दुधाला किती वेळ झाला हे तिला कसं कळतं?”

“दूध ठेवलं केव्हा, ते तिच्या लक्षात असतं.”

त्या रात्री भाचीने आज्ञावली जवळजवळ सगळी नव्याने लिहिली. चिपच्या आत एक घड्याळ सतत चालू असते. मोटर सुरू केली की त्या घड्याळातली वेळ टिपून ठेवायची. मग फेऱ्या सुरू करायच्या. हिरवे बटण दाबले का? नाही. तांबडे दाबले का? नाही. तीन सेकंद झाले का? नाही. पुन्हा पहिल्यापासून. अशा हजारो फेऱ्या चिप एका सेकंदात घालते. कोणत्याही फेरीत तांबडे बटण दाबलेले दिसले, तर तिथल्या तिथे मोटर बंद करायची आणि दांडा वर न्यायचा. बटणाच्या पट्ट्यांचा नाच संपण्यासाठी जे थांबायचे, तेही तिने याच रीतीने केले. डोळे मिटायचे नाहीत, घड्याळ पाहायचे.

झोपण्यापूर्वी तिने मला विचारले, “मामा, चिप तर एकच असते. बटणांकडे बघायचं आणि मोटरकडेही बघायचं, एवढं तिला पुरतं कसं?”

“अगं, अशी चिप पहिल्यांदा झाली तीच मुळी या कामासाठी. आणि ती करायला तुमच्या जपानचाच एक तरुण झटला होता,” मी म्हणालो आणि तिला मासातोशी शिमा यांची गोष्ट सांगितली. ती तुम्हांलाही सांगतो.

शिमा यांचा जन्म १९४३ साली शिझुओका येथे झाला. सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. पण त्या विषयात मनासारखी नोकरी मिळेना. म्हणून १९६७ साली ते गणकयंत्रे बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत लागले. तिची यंत्रे ‘बिझिकॉम’ या नावाने विकली जात. तेव्हाचे गणकयंत्र आजच्यासारखे खिशात मावणारे नव्हते. ते मेजावर ठेवावे लागे. काही यंत्रे आकडे कागदाच्या पट्टीवर छापून देत. दुकानदाराला आणि बँकेतल्या कारकुनाला अशी छापील पट्टी हवीच असे.

शिमा आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्या गणकयंत्रासाठी चिपांचा आराखडा केला. बेरजेला एक चिप, बटणांना एक, छपाईला एक, अशी कामे त्यात वाटलेली होती. १९६९ च्या जून महिन्यात हा आराखडा घेऊन ते अमेरिकेत इंटेल या कंपनीत गेले. तिथले टेड हॉफ म्हणाले, इतक्या वेगवेगळ्या चिपा कशाला? हुकमाप्रमाणे कोणतेही काम करणारी एकच चिप करू आणि सगळी कामे आज्ञावलीत लिहू. कल्पना चांगली होती. पण अशी एकटी चिप बटणे आणि छपाईयंत्र वेळच्या वेळी कशी सांभाळणार, याचा विचार अजून व्हायचा होता. शिमा यांनी नेमके यावरच बोट ठेवले.

बोलणी ठरली. शिमा जपानला परतले. पुढच्या वर्षी एप्रिल महिन्यात ते झालेले काम तपासायला पुन्हा अमेरिकेत आले. पाहतात तो काय? चिपचे काम काहीच पुढे गेलेले नव्हते! ज्यांच्याकडे ते सोपवले होते ते फेदेरिको फाजिन तर थोड्याच दिवसांपूर्वी कामावर आले होते. शिमा फार संतापले. त्यांचा सगळा राग बिचाऱ्या फाजिन यांना ऐकून घ्यावा लागला. दोष त्यांचा नव्हताच. पण राग ओसरल्यावर शिमा परत गेले नाहीत. ते तिथेच राहिले आणि दोघे मिळून कामाला लागले. सुमारे सहा महिने शिमा फाजिन यांना मदत करत होते. १९७१ च्या सुरुवातीला चिप तयार झाली. तिला सोळा पाय होते. नखाएवढ्या तुकड्यावर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. तिचे नाव ४००४.

या चिपने चालणाऱ्या गणकयंत्राची आज्ञावली शिमा यांनी लिहिली. ती ठेवायला चार चिपा होत्या आणि प्रत्येकीत २५६ कप्पे. म्हणजे सगळे मिळून १०२४. हा धडा त्यात ठेवायचा म्हटले तर पहिली एक-दोन पानेही मावणार नाहीत!

आता त्या यंत्रातली मोटर पाहा. ती आपल्या फाटकाच्या मोटरपेक्षा हट्टी होती. छपाईचे यंत्र नागानो प्रांतातल्या ‘शिन्शू सेइकी’ या कंपनीचे होते. हीच कंपनी पुढे एप्सन या नावाने जगभर ओळखली गेली. त्या यंत्रात लाटण्यासारखा एक दंडगोल सतत फिरत असे. त्यावर आकडे उठावाने कोरलेले होते. एका ओळीत सगळी शून्ये, दुसऱ्या ओळीत सगळे एक, मग सगळे दोन, अशा आकड्यांच्या आणि चिन्हांच्या मिळून तेरा ओळी. दंडगोलासमोर शाईची फीत, कागद आणि लहान लहान हातोड्या. प्रत्येक रकान्याला एक हातोडी. हवा तो आकडा समोर आला की हातोडी मारायची, म्हणजे तो कागदावर उठे.

समजा, २५२० हा आकडा छापायचा आहे. आपण लिहिताना आधी दोन, मग पाच, पुन्हा दोन, शेवटी शून्य लिहितो. हे यंत्र तसे करत नसे. शून्यांची ओळ समोर आली की शेवटच्या रकान्याची हातोडी पडे. दोनची ओळ आली की पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याच्या हातोड्या एकदम पडत. पाचची ओळ आली की दुसऱ्या रकान्याची. दंडगोल कोणासाठी थांबत नसे. हातोडीला जरा उशीर झाला तर पाचाच्या जागी सहा! दुकानदाराच्या हिशेबात केवढा घोटाळा! तीच गत बटणांची. पाचाचे बटण एकदा दाबले आणि यंत्राने दोनदा घेतले, तर पाच रुपयांचे पंचावन्न व्हायचे.

मग चिपला नेमकी वेळ कशी कळत असे? यातच खरी गंमत आहे. ती वेळेचा अंदाज करतच नसे. दंडगोल स्वतःच तिला खूण देई. प्रत्येक ओळ समोर आली की विजेची एक खूण. पूर्ण फेरी झाली की आणखी एक वेगळी खूण. चिपचा एक पाय फक्त ओळीच्या खुणेसाठी राखून ठेवलेला होता. खूण आली की चिप त्या ओळीच्या हातोड्यांना हुकूम देई. दोन खुणांच्या मध्ये जो वेळ मिळे, त्यात ती बटणांवरून नजर फिरवी. सगळ्या बटणांकडे एकदम नाही, तर रांगेमागून रांग, बाई बाकांच्या ओळीमागून ओळ पाहत जातात तशी.

१९७१ च्या नोव्हेंबर महिन्यात ही चिप इतरांनाही विकत मिळू लागली. बाजारात आलेला तो पहिला मायक्रोप्रोसेसर. पुढे चिप, तिची स्मृती आणि घड्याळ एकाच तुकड्यात बसवता येऊ लागले आणि मायक्रोकंट्रोलर तयार झाला. आमच्या हिरव्या पाटीवर होता तोच.

माझी गोष्ट संपेपर्यंत भाची झोपली असेल असे मला वाटले होते. पण ती अंथरुणात उठून बसली होती.

“मामा, आपण तर अंदाजच करतो आहोत!”

“कसला?”

“तीन सेकंदांचा. दंडगोल स्वतः सांगायचा, मी इथे आलो म्हणून. आपलं फाटक कुठे सांगतं?”

तिचे म्हणणे किती खरे होते ते दोनच दिवसांत कळले. खेळून खेळून मोटरचे सेल उतरले. मोटर हळू फिरू लागली. तीन सेकंद झाले की चिप मोटर बंद करी, पण दांडा अजून चार बोटे वरच असे. रस्ता अर्धा उघडा आणि फाटक मात्र आपल्या मते बंद! नवे सेल घातले, तर ते इतके जोमदार निघाले की दांडा खाली टेकल्यावरही मोटर त्याला दाबतच राहिली आणि पुठ्ठा वाकला.

आम्ही पुन्हा अकिहाबाराला गेलो आणि आणखी दोन बटणे आणली. ही बटणे माणसाने दाबायची नव्हती. दांडा पूर्ण खाली आला की त्याच्या टोकाने एक बटण दाबले जाई. पूर्ण वर गेला की दुसरे. म्हणजे फाटक स्वतःच बटण दाबून चिपला सांगे, मी पोचलो. आता सेल नवे असोत की जुने, दांडा बरोबर जागेवर थांबत होता. घड्याळ मात्र भाचीने काढून टाकले नाही. सहा सेकंद होऊनही कोणतेच बटण दाबले गेले नाही, तर काहीतरी अडकले आहे असे समजून मोटर बंद करायची आणि तांबडा दिवा लावायचा, अशी एक ओळ तिने घातली. हे मी तिला सुचवले नव्हते.

शेवटी तिने खेळण्यातली मोटार पुन्हा दांड्याखाली ठेवली. बाहुला आत बसवला. घरातले सगळे जमले. धाकटा भाऊ तर मोटारीला हात लावून बसला होता. त्याला आत्याबाईसारखे दटावून तिने दूर केले. हिरवे बटण दाबले. दांडा खाली येऊ लागला. तो टपापासून दोन बोटांवर आला तेव्हा तिने तांबडे बटण दाबले. दांडा जागच्या जागी थांबला. मग हळूच वर गेला.

“एकदाच दाबलं,” ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या खऱ्या फाटकाशी गेलो. घंटा वाजू लागली. दांडे खाली आले. भाची मात्र दांड्याकडे पाहत नव्हती. दांडा ज्या खांबाला जोडलेला असतो तिथल्या बंद पेटीकडे ती एकटक पाहत होती.

“मामा, दांडा खाली पोचला हे ह्यालासुद्धा कोणीतरी आतून सांगत असेल, नाही का?”

मी काही बोलणार तेवढ्यात गाडी आली आणि त्या आवाजात मला माझेच बोलणे ऐकू आले नाही.